वऱ्हाडातला ‘ऱ’: पाठांचा तपशील भरणाऱ्या नवख्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर पाठांचा तपशील, म्हणजे मेटाडेटा, भरण्याचे आणि राखण्याचे काम मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून गेली सहा वर्षे करीत आहे. आमच्या भागातली मुले-मुली आता या कामाविषयी विचारू लागली आहेत, म्हणून हे लिहीत आहे. शीर्षक कुठे लिहायचे, वर्णन किती असावे, परवाना कोणता निवडायचा हे प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन दिवसांत कळते, तेव्हा त्यात मी वेळ घालवत नाही. मला मुख्यतः एका अक्षराविषयी सांगायचे आहे. ते अक्षर आपल्या वऱ्हाडाच्या नावातच आहे आणि त्याने माझ्या पहिल्या वर्षाच्या कामाची माती केली.

त्या वर्षी माझ्याकडे शेतीविषयक १८० चित्रफिती सोपवण्यात आल्या होत्या. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, तुरीवरील मर रोग, सोयाबीनची बीजप्रक्रिया, फवारणी करताना घ्यायची काळजी असे विषय होते. प्रत्येक चित्रफितीचे शीर्षक, वर्णन, शोधशब्द, पीक, हंगाम आणि विभाग एक्सेलच्या तक्त्यात भरून तो तक्ता एकगठ्ठा मंचावर चढवायचा होता. टंकलेखन दोघांनी वाटून केले होते. एक जण इन्स्क्रिप्ट कळफलकावर काम करणारा होता, दुसरा वेगळ्या कळफलकावर शिकलेला होता. तक्ता माझ्या हाती आला तेव्हा मी तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या आणि समाधानाने चढवून दिला. तो माझ्या डोळ्यांना पूर्ण निर्दोष दिसत होता, आणि या कामात डोळ्यांवर विसंबणे किती धोक्याचे असते हे मला त्या वेळी माहीत नव्हते.

आठ दिवसांनी एका गावच्या केंद्रावरील समन्वयक ताईंचा फोन आला. ग्रामपंचायतीच्या सभागृहात शेतकरी जमले होते आणि ताई म्हणत होत्या, “दादा, पाठ दिसूनच नाही राह्यले जी.” मी माझ्याकडे ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द टाकून शोध घेतला. त्या शब्दाने सुरू होणारी ६४ शीर्षके मी स्वतः चढवली होती, पण समोर आली फक्त २७. उरलेली ३७ चढवताना गळाली असावीत असा मी घाईने निष्कर्ष काढला आणि त्याच रात्री, गावात वीज आहे तोवर काम उरकावे म्हणून, ती ३७ शीर्षके माझ्या कळफलकावर पुन्हा टाइप करून चढवली. शोध घेतल्यावर ६४ पाठ दिसले आणि मी निश्चिंत झालो.

खरे नुकसान इथून सुरू झाले. जुने ३७ पाठ कुठेही गेले नव्हते. ते मंचावरच होते, थेट दुव्याने येणारे शिकणारे ते पाहत होते आणि त्यांची प्रगती त्या पाठांच्या ओळख क्रमांकांवर नोंदली जात होती. नव्याने चढवलेल्या प्रतींना नवे ओळख क्रमांक मिळाले. आता एकाच पाठाचे दोन अवतार झाले. कोणाची प्रगती एकावर, कोणाची दुसऱ्यावर, आणि महिनाअखेरीस अहवाल काढला तेव्हा ५२ शिकणाऱ्यांचा अभ्यासक्रम अपूर्ण दाखवला गेला, जरी त्यांनी तो मनापासून पूर्ण केला होता. त्यांतील कित्येकांनी दिवसभर वावरात राबून रात्री फोनवर ते पाठ पाहिले होते. त्यांना प्रमाणपत्र न मिळण्याचे कारण मी होतो, ही गोष्ट मला आजही बोचते. म्हणून पाठ दिसत नसला की तो नाही असे समजून पुन्हा चढवू नका. आधी ओळख क्रमांकाने शोधा, प्रशासकाच्या यादीत पाहा, आणि मगच हात लावा.

दोष उघड झाला तो विभागाच्या निवडीच्या यादीत. तिथे ‘वऱ्हाड’ हा पर्याय दोनदा दिसत होता, एकाखाली एक, अगदी जुळ्या भावांसारखा. आमच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल सरांना मी तो पडदा दाखवला. त्यांनी दोन्ही शब्द एक्सेलच्या दोन घरांत ठेवायला सांगितले आणि शेजारी लांबी मोजणारे ‘लेन’ सूत्र लिहायला लावले. एका वऱ्हाडाची लांबी ६ आली आणि दुसऱ्याची ७.

याचे कारण नीट समजून घ्या, कारण मराठीत काम करणाऱ्याला ते टाळता येत नाही. ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’, ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतील आडवा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, असतो. युनिकोडने मराठीसाठी सुचवलेली पद्धत हीच आहे. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते, जे पडद्यावर दिसत नाही. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही पद्धत चालू ठेवली आहे. आता ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. तुमच्या डोळ्यांना एकच शब्द दिसेल, पण पहिल्यात सहा चिन्हे आहेत आणि दुसऱ्यात सात. एक चिन्ह इकडे-तिकडे झाले की संगणकाच्या लेखी तो शब्दच वेगळा होतो. आमच्या दोन टंकलेखकांनी शब्द बरोबरच लिहिले होते, फक्त प्रत्येकाच्या कळफलकाने वेगळी चिन्हे पाठवली होती.

यात आणखी एक पोटभेद आहे. ऱ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, तसेच साधा र आणि खालचे टिंब अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. हा भेद युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने, ज्याला तंत्रज्ञ एनएफसी म्हणतात, आपोआप मिटतो. पण अदृश्य जोडचिन्हाचा भेद त्याने मिटत नाही. “आमच्या प्रणालीत सामान्यीकरण आहे, काळजी नको,” असे एखाद्या तंत्रज्ञाने सांगितले तरी तुम्ही स्वतः तपासा. ‘ॲप’ या शब्दातील ॲचेही असेच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, त्यामुळे अ आणि चंद्र जोडून लिहिलेला जुना मजकूर अजून सर्वत्र आहे आणि एनएफसी या दोहोंना एक करीत नाही. काही डेटाबेसची तुलना सैल नियमांवर बांधलेली असते, तिथे शोधात हा दोष जाणवत नाही, परंतु फिल्टरमध्ये किंवा बाहेर काढलेल्या तक्त्यात तो हमखास वर येतो.

कारण कळल्यावर मी दुसरी चूक केली, आणि ती शॉर्टकटच्या मोहाने केली. एका चित्रफितीत सांगितले होते की मजकुरातील सगळी अदृश्य चिन्हे एका झटक्यात काढून टाकावीत. मी संपूर्ण तक्त्यातून जोडचिन्हे पुसली. परिणाम असा झाला की ज्या शब्दांत आडवा र जोडचिन्हावर उभा होता, तिथे तो उडून डोक्यावरचा रफार झाला. ‘शेतकर्यांसाठी’ असे शीर्षक मंचावर झळकले. शालेय पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक पाठ होता, ‘आचाऱ्यांसाठी स्वच्छतेचे नियम’; त्याचे ‘आचार्यांसाठी’ झाले, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांचा पाठ गुरुजनांच्या नावे गेला. मराठीत हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न नाही, त्याने अर्थ बदलतो. जे शॉर्टकट इंग्रजी मजकुरासाठी सांगितले जातात ते आपल्या भाषेवर डोळे मिटून चालवू नका, असे माझे ठाम मत आहे आणि ते बदलेल असे मला वाटत नाही.

योग्य उपाय पुसण्याचा नसून बदलण्याचा आहे. एक्सेलमधील ‘सबस्टिट्यूट’ सूत्राने र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तीन चिन्हे जिथे सलग येतील तिथे ऱ आणि हलन्त ही दोन चिन्हे घालावीत. जोडचिन्ह हाताने टाइप करणे अवघड जाते, म्हणून ‘युनिचार’ सूत्रात क्रमांक द्यावेत: र साठी २३५२, हलन्तासाठी २३८१, जोडचिन्हासाठी ८२०५ आणि ऱ साठी २३५३. हे मूळ स्तंभावर करू नका. शेजारी नवा स्तंभ घ्या, जुन्या-नव्या लांबीतला फरक मोजा, आणि जिथे फरक पडला आहे त्या ओळी एकेक करून वाचा. तीनशे ओळी असतील तर तीनशे ओळी वाचा. ज्याला हे वाचन कंटाळवाणे वाटते त्याने या कामात येऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

तरीही घाबरून मागे फिरू नका. हे सगळे मी एमएस-सीआयटी आणि मराठी टंकलेखन एवढ्या तयारीवर शिकलो, आणि जे मला शहरातल्या कोणाकडूनही मिळाले नसते ते मी घरूनच घेऊन आलो होतो. आमच्या मंचावर आंतरमशागतीच्या पाठाला ‘कोळपणी’ असे शीर्षक होते आणि शोधशब्दांतही तोच शब्द होता. आपल्याकडे डवरा चालतो, म्हणून इथला शेतकरी ‘डवरणी’ शोधतो. बांधाला तो ‘धुरा’ म्हणतो, कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’ म्हणतो. शीर्षक प्रमाण मराठीतच राहू द्यावे, पण शोधशब्दांत हे शब्द घालावेत. आपोआप शोधशब्द सुचवणारी साधने मी वापरून पाहिली आहेत; ती वर्णनातलेच शब्द उचलून परत देतात आणि धुऱ्यावर बसून फोन हाताळणाऱ्या माणसाच्या तोंडी कोणता शब्द आहे हे त्यांना ठाऊक नसते. ते तुम्हाला ठाऊक आहे.

शालेय पाठांत हा प्रश्न थोडा सौम्य असतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी मंचावर विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत स्कॅन करून थेट पाठापर्यंत पोहोचू शकतो, आणि मंडळ, माध्यम, इयत्ता, विषय हे कप्पे ठरलेले असल्यामुळे त्याला काही टाइप न करताही पाठ गाठता येतो. शेतकऱ्याच्या हाती असे पाठ्यपुस्तक नसते. तो शब्द टाइप करून किंवा बोलून येतो, म्हणून प्रौढांच्या अभ्यासक्रमात शीर्षक आणि शोधशब्द यांवर दुप्पट मेहनत घ्यावी लागते.

भाषेच्या रकान्याविषयीही एक सूचना करतो. आमच्या जिल्ह्यात कोलामी बोलणारी गावे आहेत, मेळघाटात कोरकू आहे. या भाषांतील चित्रफितींची शीर्षके देवनागरीत लिहिली जातात म्हणून भाषा ‘मराठी’ निवडण्याची सवय पुष्कळांना आहे. लिपी आणि भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आयएसओ ६३९-३ या भाषांच्या संकेतांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात कोलामी व कोरकू यांना स्वतःचे संकेत आहेत. यादीत ती भाषा नसेल तर प्रशासकाकडे लेखी मागणी करा. पाठांना क्रमांक देताना ‘पाठ ०२’ असे दोन अंकी लिहा, नाहीतर ‘पाठ १०’ हा ‘पाठ २’ च्या आधी जाऊन बसतो. एवढे त्याविषयी पुरे.

मार्गदर्शक निवडताना मी तंत्रज्ञापेक्षा ग्रंथपालाला झुकते माप देतो. ग्रंथांच्या तालिकेचे, म्हणजे कॅटलॉगचे, काम केलेल्या माणसाला एक नाव दोन प्रकारे लिहिले गेले की वाचकाचे काय हाल होतात हे अनुभवाने माहीत असते. आमच्या सरांनी माझा तक्ता एकदाही स्वतः दुरुस्त करून दिला नाही. मला त्या वेळी राग येई, कारण वरून तगादा होता आणि त्यांना ते काम तासाभरात जमले असते. त्यांनी मात्र मला प्रत्येक शब्द मोजायला बसवले. जो तुमचे काम करून देतो त्याच्याकडे पुढच्या वेळी पुन्हा जावे लागते.

दुहेरी झालेल्या पाठांचे काम निस्तरायला अडीच महिने लागले. नव्या प्रती मी काढून टाकल्या नाहीत, आधी त्या अप्रकाशित केल्या, प्रत्येक शिकणाऱ्याची दोन्हीकडची प्रगती तक्त्यात समोरासमोर मांडली आणि समन्वयक ताईंना फोन करकरून पडताळली. ५२ पैकी ४९ जणांची नोंद सरळ झाली. उरलेल्या तिघांचे फोन क्रमांक बदलले होते. त्यांपैकी दोघांना ताईंनी बाजाराच्या दिवशी गाठले, तिसऱ्याचे कुटुंब कामासाठी गाव सोडून गेले होते आणि त्याची नोंद माझ्या तक्त्यात अजून अपूर्णच आहे.

तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दहा शब्द लिहिलेले आहेत: वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्यांना, आचाऱ्यांना, धुऱ्यावर, दुसऱ्या, ॲप आणि असेच आणखी तीन. कोणताही नवा गठ्ठा प्रकाशित करण्याआधी मी हे शब्द माझ्या संगणकावर, माझ्या फोनवर आणि शेजारच्या काकांच्या जुन्या फोनवर, त्यांच्या कळफलकाने त्यांनाच टाइप करायला सांगून शोधतो, आणि तिन्हीकडे आलेल्या पाठांची संख्या वहीत लिहितो. ती जुळेपर्यंत प्रकाशनाचे बटण दाबत नाही.