बंबाचं धुराडं बसवायला शिकणाऱ्यांसाठी

न्हाणीत धूर कोंडतो अशी तक्रार आली की नवखा माणूस थेट पाइप वाढवायला घेतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि धूर राहतो तिथेच. आधी धुराड्याची ओढ, म्हणजे पाइप धूर किती जोराने वर खेचतो ते मोजा.

एका फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी 10 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर चढ देऊन ठोका. खालचं टोक पाण्याच्या रुंद बाटलीत बुडवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. पाणी जिथे ठरेल तिथे खूण करा. मग वरचं टोक बंबाच्या वर पाइपला पाडलेल्या भोकात घाला. तिथे वीतभर तांब्याची नळी जोडा, नाहीतर प्लॅस्टिक वितळेल. पाणी 10 मिलिमीटर सरकलं म्हणजे ओढ साधारण 10 पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक).

बाहेर 30 अंश आणि पाइपमध्ये सरासरी 150 अंश असेल, तर 3 मीटरच्या पाइपची ओढ एवढीच असते. बाहेर 0 अंश असेल तिथे हाच पाइप 13-14 पास्कल देतो. म्हणून थंड मुलखातली मापं कोकणात जशीच्या तशी चालत नाहीत; इथे प्रत्येक कोपराचा हिशेब लागतो. 45 अंशांचे दोन कोपर पुरे, आडवा पाइप शक्य तितका टाळा.

आकडा फारच कमी आला तर आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करून खिडकी उघडा. पाणी लगेच वर सरकलं, तर दोष पाइपचा नाही, पंखा धूर उलटा खेचतोय. तसं नसेल तर सांधे बघा: फटीतून गार हवा आत शिरली की ओढ मरते. आकडा ठीक असूनही धूर येत असेल, तर लाकूड ओलं आहे किंवा बंबात कोंबून भरलंय.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आढ्यावरून खाली आदळतो. पाइप कौलांच्या वर किमान 3 फूट आणि 10 फुटांच्या परिसरातल्या कशाहीपेक्षा 2 फूट उंच हवा. 4 इंची पाइपवर टोपी बसवताना मध्ये निदान 2 इंच मोकळे सोडा.

ओढ जास्त झाली तर जाळ पाइपात पळतो, लाकूड भसाभस जळतं, पाणी कोमटच. तेव्हा आधी राखेचं दार अर्धं लावा, मग पाइपमधली झडप फिरवा. झडपेच्या चकतीचा चौथा भाग कापलेलाच हवा. पूर्ण बंद होणारी झडप बसवू नका, कार्बन मोनॉक्साइड बंद न्हाणीत जीव घेतो.

जस्ताचा पत्रा खाऱ्या हवेत लवकर गंजतो. परवडत असेल तिथे 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरा. काजूची टरफलं मात्र जाळायला देऊच नका. त्यांतल्या तेलाचा धूर झोंबतो आणि पाइपात चिकट काजळी धरते. पाइपच्या खाली टी-जोड (इंग्रजी T आकाराचा जोड) ठेवलात तर मृगाआधी त्याचं टोपण काढून ती खरवडता येते.