खाजणाच्या बांधावर ग्रॅव्हल बाईक: या चुका टाळा

चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, सांतिस्तेव. गोव्यातली, मांडवीच्या मुखाजवळची ही बेटं ग्रॅव्हल बाईकवाल्यांना (कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची सायकल चालवणाऱ्यांना) आता चांगलीच माहीत झाली आहेत. फेरीबोटीत सायकल चढवायची, पलीकडे उतरायचं, आणि एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खारफुटी ठेवून बांधावरून चालवत सुटायचं. चढ जवळपास नाहीच, त्यामुळे पहिल्यांदा येणारा निर्धास्त असतो. पण ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. नदी अडवून मिळवलेली ही शेतं, म्हणजेच खाजण. इथे सायकलीचं जे काही बिघडतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असतं: भरतीचं, चिखलातलं किंवा हवेतलं खारं पाणी.

हवामान पाहिलं, भरती नाही पाहिली

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोनवर पावसाचा अंदाज सगळे बघतात, मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक क्वचितच कुणी उघडतं. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. आणि रोज ही वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी ८ वाजता कोरडी ठणठणीत असलेली वाट या रविवारी त्याच वेळी ओली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास जाते, अष्टमीच्या भांगाच्या भरतीला ती बरीच कमी असते.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. नदीतून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, त्यामुळे कुंभारजुव्याला बंदरावरची वेळ जशीच्या तशी लावू नका. बांधाचा सखल भाग पार करायचा असेल तर पाणी उतरायला लागल्यावर निघा. पाणी चढत असताना पुढे गेलात आणि वाट बंद निघाली, तर मागचा सखल भागही तोवर भिजलेला असतो.

फेरीच्या धक्क्यावरही हेच गणित. ओहोटीला उतरणीचा जो भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि गाळाचा थर असतो. रायबंदर-चोडण असो की जुने गोवे-दिवाडी, तिथे सायकलवरून उतरा आणि हातात धरून चला. क्लीटचे (पायडलमध्ये अडकणाऱ्या खाचेच्या तळाचे) बूट घातले असतील तर दुप्पट सांभाळून, कारण फेरीची लोखंडी फळी ओली असली की क्लीटला पकडच मिळत नाही.

बांध म्हणजे रस्ता नव्हे

बांधाच्या पोटात चिकणमाती आणि पेंढा, नदीकडच्या अंगाला जांभ्या दगडाची चिणाई. ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि शेतातलं पाणी नदीत जातं. भरतीला बाहेरचं पाणी तीच झडप ढकलून बंद करतं. मोटर नाही, वीज नाही. ही व्यवस्था शतकानुशतकं चालत आली आहे आणि तिचा सगळा भार या मातीच्या भिंतीवर आहे.

पावसाळ्यात किंवा उधाणानंतर बांध मऊ असताना त्यावरून चार सायकली गेल्या की चाकोरी पडते. खेकड्यांनी आधीच आतून बिळं केलेली असतात. चाकोरीत पाणी साचतं, मुरतं, आणि बांध फुटायला निमित्त मिळतं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढचे काही पावसाळे मीठ धुऊन जायची वाट बघावी लागते. कोरगूटसारखं खारं सोसणारं भातदेखील सगळं सोसत नाही. तेव्हा साधा नियम पाळा: मागे वळून बघा, चाकाचा ठसा मातीत रुतलेला दिसला तर उतरा आणि परत फिरा. ‘थोडंच राहिलंय’ हे कारण इथे चालत नाही.

मानशीवर तर सायकल चालवूच नये. फळ्या अरुंद असतात, कुजलेल्या असू शकतात, आणि ओहोटीच्या वेळी तिथे जाळं लावलेलं असतं. ती मासेमारी फुकटची नसते, लिलावात पैसे मोजून हक्क घेतलेला असतो. जाळ्याजवळ बसलेल्या माणसाला ‘बाब, हांगांच्यान वचूं?’ (इथून जाऊ का?) एवढं विचारलं तरी पुरतं. बहुधा तो वाट दाखवतो, आणि पुढे बांध कुठे खचलाय तेही सांगतो. ही माहिती कुठल्याच ॲपमध्ये नसते.

उपग्रहाच्या चित्रावर भरवसा

वरून घेतलेल्या चित्रात बांध एक सलग रेघ दिसतो. प्रत्यक्षात मध्येच मानस, मध्येच फुटलेला तुकडा, मध्येच म्हशी. त्यात चित्र उन्हाळ्यातलं असतं आणि तुम्ही ऑक्टोबरात तिथे उभे असता. मार्ग आखताना प्रत्येक बांधाला परतीची दुसरी वाट धरूनच आखा. म्हशी आडव्या आल्या तर थांबा. घंटी वाजवून त्यांना पळवलंत तर त्या नेमक्या तुमच्याच दिशेने पळतात, आणि बांधावर बाजूला व्हायला जागा नसते.

सपाट आहे म्हणून सोपं आहे

घाटात चढ संपला की उतार मिळतो, पाय मोकळे होतात. खाजणात तसं काही नाही. पायडल मारणं थांबलं की सायकल थांबते, त्यामुळे दोन तासांत बूड आणि तळहात कुरकुरायला लागतात. हात बधिर होत असतील तर आधी सीट तपासा, ती नाकाकडे झुकलेली असेल तर सगळं वजन हातांवर येतं. सपाटीवर दर दहा मिनिटांनी मुद्दाम उभं राहून पायडल मारायची सवय लावली तर अर्धी तक्रार तिथेच मिटते.

वाऱ्याचा हिशेब मात्र बहुतेक जण चुकवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोसमात सकाळी वारा जमिनीकडून, हलका. दुपारकडे समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. खाजणात त्याला अडवायला काही नाही. तुम्ही ताशी २० किमी वेगाने जात असाल आणि समोरून १५ किमीचा वारा असेल, तर अंगावर येणारी हवा ३५ किमीची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळपास तिप्पट झाला. पणजीहून सकाळी निघून रायबंदर, चोडण, मग जुने गोवे, करमळीचं तळं असं करत पूर्वेकडे गेलेला माणूस दुपारी परततो तो थेट वाऱ्याच्या तोंडात. शेवटचा टप्पा पणजी-रायबंदर दरम्यानचा, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला, सुमारे ३ किमीचा सरळसोट बांधरस्ता; बाजूला नदी आणि मिठागरं, आडोसा शून्य. एकतर अकराच्या आत परता, नाहीतर गाडीची सोय करून शेवटच करमळीला ठेवा. पाणी किमान दीड-दोन लिटर घ्या. बांधावर टपरी नसते आणि आजूबाजूचं सगळं पाणी खारं.

टायर: दगडापेक्षा शिंपल्यांची भीती

सुटी जांभ्याची खडी टोकदार असते, तरी खरा त्रास शिंपल्यांचा. तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं बांधावर पडलेली असतात आणि ती टायर टोचत नाहीत, कापतात. बारीक भोक सीलंट (टायरच्या आत ओतलेला चिकट द्रव) बुजवतं, लांब चीर बुजवत नाही. म्हणून ट्यूबलेस असलं तरी प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी), एक ट्यूब आणि चिरेच्या आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा जवळ ठेवा. आपल्या उष्ण हवेत सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, पण तपासायची आठवण पंक्चर झाल्यावरच होते.

हवा जास्त भरणं ही रस्त्यावरून आलेल्यांची सवय. ७० किलोच्या माणसाला ४० मिमी ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३०, मागे ३३ पीएसआय दाबापासून सुरुवात करायला हरकत नाही. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा. ट्यूबमध्ये शेजारी-शेजारी दोन भोकं सापडली तर ते शिंपल्याचं काम नाही, हवा कमी होती आणि ट्यूब रिमखाली चिमटली.

चिखल भरला तरी पायडल मारत राहणं

खाजणाची चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत गच्च बसते. चाक जड वाटू लागलं की लगेच उतरा, काडीने माती काढा. जोर लावत राहिलात तर गवत-माती मागच्या डिरेलरमध्ये (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढली जाते आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो किंवा तुटतो. तुमच्या फ्रेमचा सुटा हँगर खिशात हवाच. तो ऐन वेळी कुठल्याही दुकानात मिळत नाही, कारण जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

मीठ घरी आणणं

फेरफटका संपला, सायकल गॅलरीत उभी, पुढच्या शनिवारी बघू. मिठाला एवढी सवड पुरते. त्याच दिवशी बादलीभर गोड पाणी आणि स्पंज घेऊन पुसा. प्रेशर पंपाने धुतलंत तर खारं पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलाल. मग कोरडं पुसून साखळीला तेल, आणि वरचं तेल फडक्याने टिपून काढा. गंजरोधक फवारे डिस्क ब्रेकच्या आसपास अजिबात नकोत.

नंतरच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. ब्रेक केकाटतोय: रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) क्षार किंवा तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रोटर पुसा. ब्रेक पॅडने तेल प्यायलं असेल तर पॅड बदला, घासून फार काळ चालत नाही. ओल्या वाळू-चिखलात रेझिन पॅड लवकर झिजतात. धातूमिश्रित पॅड टिकतात, पण रोटरवर ‘फक्त रेझिन’ असं लिहिलेलं नाही ना, ते आधी बघा.

गिअर उड्या मारतायत: आधी हँगर सरळ आहे का पाहा, मग केबल. बाहेरच्या आवरणात गंज शिरला की कितीही ट्यूनिंग करा, दोन दिवसांत पुन्हा तेच. केबल आणि आवरण दोन्ही बदला. ११-१२ गिअरची साखळी ०.५ टक्के ताणली की काढा, नाहीतर कॅसेटचेही (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचेही) दात जातील.

कुठूनतरी कट-कट येतंय: उभं राहून पायडल मारा. आवाज थांबला तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटची दांडी). चालूच राहिला तर पायडल, क्रँक (पायडलची दांडी), बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाचं बेअरिंग) या क्रमाने. बॉटम ब्रॅकेट बदलायला सांगणारे बरेच भेटतील, आधी पायडल काढून आटे साफ करून ग्रीस लावून बघा. सीटपोस्ट महिन्यातून एकदा बाहेर काढाच. धातूची असेल तर ग्रीस, कार्बन असेल तर कार्बन पेस्ट. दुर्लक्ष केलंत तर ती फ्रेममध्ये जाम होते आणि मग फ्रेमच धोक्यात येते. नवीन चाकं बांधून घेत असाल तर निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) पितळी घ्या. ॲल्युमिनियमची हलकी असतात, पण खाऱ्या हवेत आधी तीच कुजून तुटतात.

कुंभारजुव्याच्या कालव्यात सायकल धुणं

हसू नका, लोक करतात. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या या कालव्यात मगरी आहेत आणि काठावर ऊन खात पडलेल्या दिसतातही. बोरीच्या परिसरात पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात, मानगे थापणी म्हणतात तिला. कालव्याकाठी मगरीला असा मान आहे, तुम्हीही थोडं अंतर राखा. पाण्याच्या कडेला बसून हात-पाय धुणं, काठावरच्या झुडपात सायकल टेकवणं टाळा. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नक्कीच. आणि तसंही ते पाणी खारं आहे, त्याने साखळी धुऊन काय साधणार?