आईची खिडकी: लंडनच्या विमानाआधीची तयारी

आई पहिल्यांदाच लंडनला दादाकडं निघालीय आणि तिनं एकच गोष्ट मागितली, खिडकी पाहिजे. गगनबावड्याच्या एसटीत चढल्या चढल्या ती आधी विचारते ऊन कुठल्या बाजूला येणार आणि दरी कुठल्या बाजूला, मगच बसते. विमानाचंपण अगदी तसंच बघायचं, फक्त तिकीट काढायच्या आधी बघायचं, कारण चांगल्या सीटा लवकर जातात.

तर पहिलं म्हणजे दिवसाचं विमान बघा. मुंबईहून मध्यरात्री सुटणारं विमान पश्चिमेला जातं, म्हणजे रात्रीच्या मागं मागं पळत राहतं, नऊ-दहा तासांतला बहुतेक वेळ बाहेर नुसता अंधार. दुपारचं मिळालं की मग उन्हाचा विचार. वायव्येकडं जाताना सूर्य डाव्या अंगाला राहतो, तिकडं बसलं की डोळ्यावर ऊन येतं आणि शेवटी झाकण लावूनच बसावं लागतं, उजवीकडं मात्र ऊन आपल्या पाठीमागून खालच्या डोंगरांवर पडतं, फोटो स्वच्छ येतात. आणि दरी म्हणाल तर तीपण उजवीकडंच, कारण वारा पश्चिमेचा असला (तिकडं बऱ्याचदा तोच असतो) की विमान पूर्वेकडून लंडन शहरावरून हीथ्रोला उतरतं आणि थेम्स नदी, मधलं शहर सगळं उजव्या खिडकीत येतं. वारा फिरला तर नाही दिसत, हे आईला आधीच सांगून ठेवलंय.

डावी खिडकी कायम ए, उजवीचं अक्षर मात्र विमानाप्रमाणं बदलतं, जे, के नाहीतर एल, त्यामुळं सीटचा नकाशा उघडून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. पंखावरच्या रांगा नकोत, खालचं काहीच दिसत नाही. पंखाच्या लगेच मागच्यापण नकोत, इंजिनातून येणाऱ्या गरम हवेनं खालचं सगळं उन्हाळ्यातल्या हायवेसारखं थरथरतं. पंखाच्या पुढं परवडत नसेल तर सरळ शेवटच्या चार-पाच रांगांत बसा.

आणि हे लई महत्त्वाचं, खिडकीची सीट म्हणजे खिडकी असतेच असं नाही. मी एकदा जादा पैसे भरून विंडो घेतली तर शेजारी सपाट भिंत, पूर्ण प्रवास पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यावरून वाकून बघत केला. बोइंग ७३७-८०० मध्ये भिंतीतून एसीची नळी वर जाते, तिथं खिडकीच ठेवत नाहीत. एरोलोपा या सीटचे नकाशे दाखवणाऱ्या वेबसाइटवरच्या नकाशात कुठल्या रांगेला खिडकी नेमकी कुठं येते ते दिसतं, तिथंच बघून ठरवा.

मार्ग फ्लाइटरडारवर बघा, त्याच नंबरचं विमान गेल्या आठवड्यात कुठून कुठून गेलं ते कळतं. जुन्या माहितीवर जाऊ नका, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केल्यावर बरेच मार्ग फिरले.

बोइंग ७८७ मिळालं तर खिडकी मोठी, पण वर-खाली करायचं झाकण नाही, खाली बटण असतं, त्यानं काच निळसर गडद होत जाते. कधीकधी क्रू सगळ्याच काचा एकदम गडद करतात, तेव्हा आईनं घाबरू नये. काचेच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं तेपण तिला सांगितलंय, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, हवेचा दाब सारखा राहतो आणि काचेवर वाफ धरत नाही. उंचावर गेलं की त्याच्याभोवती बर्फाची नाजूक नक्षी उमटते, ती जवळून बघच म्हणालो.

राहिलं हातातलं सामान. काळी ओढणी घ्यायची, डोक्यावरून काचेपर्यंत ओढून घेतली की आतल्या लाइटचं प्रतिबिंब जातं आणि अंधार पडल्यावर गावांचे दिवे, चांदण्या दिसतात. काच पुसायला चष्म्याचं मऊ फडकं, आणि ते वरच्या कप्प्यात नको, पुढच्या सीटच्या खिशातच ठेवायचं.