बायपोलरची गोळी थांबवावीशी वाटते तेव्हा

बायपोलर आजारात (मन कधी उन्मादात, म्हणजे अति उत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जाते असा मानसिक आजार) औषध सोडण्याचा विचार बऱ्याचदा सगळे सुरळीत चाललेले असताना येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणून आधी वही घेऊन गेल्या दहा रात्रींची झोप तासांत लिहून काढावी. चार तास झोपूनही पहाटे ताजेतवाने वाटत असेल, बोलण्याचा वेग वाढला असेल, खर्चाला हात सैल सुटला असेल, तर 'आता गोळीची गरज नाही' हा निर्णय चढू लागलेल्या उन्मादाचाच असू शकतो. अशा वेळी गोळी चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

झोप ठीक असेल, तर सोडावेसे का वाटते ते नेमके टिपावे. हाताचा कंप, वाढलेले वजन, सुस्ती या तक्रारी खऱ्याच असतात, पण त्यांवर डोस कमी करणे, घेण्याची वेळ बदलणे किंवा औषध बदलणे असे मार्ग असतात. नुसता कंटाळा आला असेल, तर तेही सांगावे. कंटाळा हे कारण डॉक्टरांना नवे नसते.

या आजारावरचे लिथियम हे औषध एकाएकी बंद केल्यास पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका मोठा असतो आणि आत्महत्येचाही धोका वाढतो. ते थांबवायचेच ठरले, तर डोस किमान 4 आठवडे, शक्यतो 3 महिने, टप्प्याटप्प्याने उतरवतात. लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधात वेगळीच मेख आहे: साधारण 5 दिवसांहून जास्त खंड पडला, तर जुन्या डोसवर थेट परतू नये, कारण त्वचेवर जिवावर बेतणारे पुरळ उठू शकते, डॉक्टर पुन्हा अल्प मात्रेपासून सुरुवात करतात. व्हॅल्प्रोएट या औषधामुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, तरीही दिवस गेल्याचे कळताच स्वतःच्या मनाने गोळी बंद न करता तातडीने डॉक्टरांना गाठावे.

स्वतःहून गोळी थांबवू नये, याला एक अपवाद आहे. लिथियम चालू असताना उलट्या-जुलाब, हातांना जोराचा कंप, जड झालेली जीभ, चालताना जाणारा तोल अशी विषबाधेची लक्षणे दिसली, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठावे.

डोस उतरत असेल त्या काळात घरातल्या एका विश्वासू व्यक्तीकडे डॉक्टरांचा नंबर आणि आपली सुरुवातीची लक्षणे लिहून द्यावीत, आणि 'मी नको म्हटले तरी फोन करा' ही परवानगी प्रकृती स्थिर असतानाच देऊन ठेवावी.