बास्क किनाऱ्यावर आणि मागच्या डोंगरगावांत सुट्टीचं घर कसं निवडावं

बिल्बाओपासून बायोनपर्यंतचा बास्क किनारा गाडीने जेमतेम दीडशे किलोमीटरचा. मधे स्पेन-फ्रान्सची सरहद्द येते, पण घरांची नावं, खाणंपिणं आणि डोंगर दोन्हीकडे बरेचसे सारखे. भाड्याच्या घरांच्या जाहिराती तर फारच सारख्या. प्रत्येक घर ‘अस्सल’, प्रत्येक खिडकीतून ‘निसर्ग’, आणि आत तोच करडा सोफा.

या गर्दीतून वाट काढायला एक प्रश्न पुरतो: हे घर मुळात कोणासाठी बांधलं होतं? शेतकऱ्यासाठी, कोळ्यासाठी, की हवा खायला आलेल्या श्रीमंतासाठी? हे कळलं की जिना कसा असेल, उजेड किती येईल, गाडी दारात लागेल का, आई-बाबांना झेपेल का, याचा निम्मा अंदाज घरबसल्या येतो.

१. आधी घराचा प्रकार ओळखा

डोंगराकडचं जुनं शेतघर म्हणजे ‘बासेरी’. खाली गुरं, वर गवत आणि धान्य, मधे माणसं, अशी त्याची मूळ रचना. भिंती जाड दगडी, खिडक्या लहान, छप्पर अवाढव्य. म्हणून मूळ ढाच्यातल्या बासेरीत तळमजला काळोखा असतो आणि उन्हाळ्यातही गार. नूतनीकरणात गवताच्या माळ्यावर झोपायच्या खोल्या काढतात. तिथे तुळया दिसतात, फोटो सुरेख येतात, आणि उंच माणसाचं डोकं आपटतं. ही रचना प्रत्यक्ष पाहायची असेल तर गिपुस्कोआ प्रांतात एस्कियो इथे इगार्तुबेइती नावाचं सोळाव्या शतकातलं शेतघर संग्रहालय म्हणून जपलं आहे. सफरचंदाची साइडर गाळायचा प्रचंड लाकडी दाबयंत्राचा सांगाडा तिथे घराच्याच खांब-तुळयांत गुंफलेला आहे.

फ्रान्सच्या बाजूला, लापुर्दी भागातली घरं वेगळी दिसतात: चुन्याच्या पांढऱ्या भिंती, त्यावर गडद लाल किंवा हिरवं लाकूडकाम, आणि छपराची एक बाजू दुसरीपेक्षा लांब. अटलांटिकचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून या घरांनी समुद्राकडे पाठ करून तोंड पूर्वेला ठेवलं. तेव्हा ‘सतराव्या शतकातलं घर, दर्शनी गच्चीतून सूर्यास्त’ असं वाचलंत तर थोडं थांबा. गच्ची मागाहून काढलेली असेल, नाहीतर घरच विसाव्या शतकात जुन्या धर्तीवर बांधलेलं असेल. त्यात वाईट काही नाही. सें-जां-द-ल्यूझ आणि बिआरित्झच्या परिसरात अशा बास्क धर्तीच्या व्हिला पुष्कळ आहेत आणि राहायला त्या मूळ शेतघरांपेक्षा सोयीच्या. फक्त जुन्याचे पैसे देऊन नवं घेऊ नका.

खरं जुनं घर स्वतःची ओळख दारावर लिहून ठेवतं. दाराच्या वरच्या दगडी पट्टीवर साल, घराचं नाव, कधी बांधणाऱ्या जोडप्याची नावं कोरलेली असतात. बास्क समाजात घराचं नाव हेच कुटुंबाचं आडनाव होत असे. ऐनोआ गावात गोर्रितिया नावाच्या घरावर 1662 सालचा लेख आहे. त्यात म्हटलंय की, मुलाने इंडीजहून, म्हणजे अमेरिकेकडच्या वसाहतींतून, पाठवलेल्या पैशांतून आईने हे घर परत विकत घेतलं आणि ते विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. मुंबईतल्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर उभं राहिलेलं कोकणातलं घर डोळ्यांपुढे आणा, गोष्ट तीच. जाहिरातीत दाराचा असा फोटो नसेल तर मालकाकडे मागा. ज्याचं घर खरंच जुनं आहे तो आनंदाने पाठवतो, वर आजोबांची हकिगतही सांगतो.

कोळ्यांची घरं याच्या अगदी उलट: अरुंद, उंच, एकमेकांना चिकटलेली. ओंदारिबियाची मरिना वस्ती रंगीत लाकडी सज्ज्यांसाठी प्रसिद्ध आहे. पासाई दोनिबाने खाडीच्या काठाला एकाच गल्लीच्या धाग्यात ओवलेलं आहे. 1843 मध्ये व्हिक्टर ह्यूगो तिथे राहिला होता, ते घर आजही पाहता येतं. एलांचोबे तर इतकं चढावर की बसला वळायला जागा नाही, म्हणून वरच्या चौकात एक फिरता चौथरा केलाय. बस त्यावर उभी राहते आणि चौथराच तिला वळवतो. मजेशीर आहे, पण बंदराजवळचं घर घेतलंत तर सुटकेसा पायऱ्यांवरून न्यायच्या आहेत हेही लक्षात घ्या. गुडघेदुखीवाल्यांनी एलांचोबे फक्त बघायला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार बिआरित्झचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्यासाठी इथे समुद्रकाठी राजवाडा झाला, मागोमाग बडे लोक आले आणि बंगले उठले. आज त्यातल्या बऱ्याच बंगल्यांचे फ्लॅट झाले आहेत. छत उंच, फरशी सुंदर. मात्र फ्लॅट पाडताना मूळ दिवाणखाना शेजाऱ्याकडे आणि आपल्याकडे नोकरांच्या खोल्या, असंही होतं. नकाशा मागायला संकोच करू नका.

२. मग जागा ठरवा: रुळाजवळ की गाडीच्या भरवशावर

गाडी चालवणार नसाल तर रूळ जिथून जातात तिथलंच घर घ्या. फ्रान्समध्ये बायोन, बिआरित्झ, गेतारी, सें-जां-द-ल्यूझ, आंदाय ही गावं एका रेल्वेमार्गावर आहेत. आंदायहून ‘एउस्कोत्रेन’ची गाडी सान सेबास्तियानला जाते. तिथून दुसरी सारौत्स, सुमाया, देबा करत बिल्बाओला. बिल्बाओहून गेर्निका, मुंदाका, बेर्मेओ असा आणखी एक फाटा आहे. गाड्या संथ आहेत, पण खिडकी सोडवत नाही.

स्पेनमधल्या गेतारिया (फ्रान्समधलं गेतारी वेगळं) आणि लेकेइतिओला रेल्वे नाही, बस आहे. फ्रेंच बाजूची सार, ऐनोआ, एस्पलेत ही देखणी गावं मात्र स्वतःच्या गाडीशिवाय जिकिरीची. गाडी असेल तर मी किनारा सोडून तिथेच राहीन. समुद्र गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, भाडं सहसा कमी, आणि शरद ऋतूत एस्पलेतच्या घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात.

३. व्हिसाचा हिशेब बुकिंगच्या आधी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्ज करायचा तो ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे. एक आठवडा सारमध्ये आणि चार दिवस गेतारियात, तर फ्रान्स. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून आधी आत शिराल तो. राहण्याचा पुरावा अर्जासोबत द्यावा लागतो, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा. जुन्या घरांचे मालक पुष्कळदा आगाऊ रक्कम मागतात आणि परत देत नाहीत. अशी घरं व्हिसा झाल्यावर पाहा.

४. नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

इथे घरांची टंचाई हा तापलेला विषय आहे. स्थानिक तरुणांना घरं मिळत नाहीत आणि किनारा पर्यटकांच्या भाड्याला लागलाय, ही तक्रार दोन्ही बाजूंना ऐकू येते. फ्रेंच बास्क भागातल्या 24 गावा-शहरांत 2023 पासून नियम आहे की, आणखी एक घर कायमच्या भाडेकरूसाठी उपलब्ध करून दिल्याशिवाय मालकाला नवं घर पर्यटकांना देता येत नाही. स्पेनमध्ये 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना राष्ट्रीय नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांक जाहिरातीतच दिसायला हवा. नसेल तर मालकाला विचारा, आणि टाळाटाळ झाली तर पुढचं घर पाहा. बेकायदा घर ऐन वेळी बंद झालं तर ऑगस्टमध्ये दुसरं मिळणार नाही.

मालक सगळ्यांच्या पासपोर्टचा तपशील मागेल. स्पेनमध्ये पाहुण्यांची नोंद करणं त्याला कायद्याने भाग आहे, त्याने बिचकू नका.

मला स्वतःला चालती शेती असलेलं घर आवडतं. स्पॅनिश बाजूला ‘अग्रोतुरिस्मो’ म्हणजे शेती चालू असलेलं घर. नुसतं ‘कासा रुराल’ असेल तर शेती असेलच असं नाही. फ्रान्समध्ये ‘शांब्र द’ओत’ म्हणजे मालकाच्या घरातली खोली, नाश्त्यासह. ‘जीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर.

५. फोटोत काय नाही ते शोधा

बाहेरून घराचा एकही फोटो नाही, म्हणजे शेजारी काहीतरी आहे. नकाशाचं उपग्रह-दृश्य उघडून घर आणि समुद्र यांच्या मधे काय आहे ते पाहा. या किनाऱ्यावर डोंगर समुद्रापर्यंत येत असल्याने रस्ता, रेल्वे आणि महामार्ग एकाच चिंचोळ्या पट्टीत कोंबलेले आहेत. ‘समुद्रापासून 200 मीटर’ हे खरं असतं, फक्त त्या दोनशे मीटरांत ट्रक धावत असतात. सान सेबास्तियानच्या जुन्या भागात उलट प्रश्न: खाली बार, मध्यरात्रीपर्यंत गलका. तिथे अंगणाकडची झोपायची खोली मागा.

परीक्षणं वाचताना नोव्हेंबर ते मार्चमधली आधी वाचा. ओल, थंडी, गळकी खिडकी यांची कबुली तिथेच सापडते. जुलैतल्या पाहुण्याला सगळंच छान वाटतं.

६. मालकाला हे विचारा

गरम कसं होतं, आणि लाकडाचे पैसे वेगळे का? जिन्याला कठडा आहे का? चादरी-टॉवेल धरून भाडं आहे का? फ्रान्समधल्या ‘जीत’मध्ये ते पुष्कळदा वेगळे लावतात. शेवटच्या सफाईचे आणि अनामत किती? फ्रान्समध्ये दर माणशी दर रात्री पर्यटक करही असतो, तो धरलाय का?

आणि शेगडी कुठली, हे नक्की. इंडक्शन असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्या. शाकाहारी मंडळींसाठी स्वयंपाकघर ही चैन नव्हे, गरज आहे, कारण बारमधल्या पिंचोंवर, म्हणजे पावाच्या तुकड्यांवरच्या छोट्या खाण्यावर, बहुधा मासा नाहीतर हॅम असतो. घरात शिजवायला माल मात्र उत्तम: तोलोसाचा काळा घेवडा, गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, इदियासाबालचं मेंढीच्या दुधाचं चीज. हे चीज बहुधा प्राणिज रेनेटने, म्हणजे कोकराच्या जठरातल्या विरजणाने, विरजतात, कट्टर शाकाहाऱ्यांनी ते वगळावं.

७. तारखा

फ्रान्सच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये बरीच घरं शनिवार ते शनिवारच मिळतात. जुलैमध्ये बायोनचा उत्सव आणि ऑगस्टच्या मध्याला सान सेबास्तियानचा ‘आस्ते नागुसिया’ असतो. तेव्हा या शहरांत खोली मागणं सोडा, आसपासही भाव चढतात. जमत असेल तर सप्टेंबर धरा. पाणी अजून पोहण्याजोगं असतं, गर्दी ओसरलेली असते आणि मालक तीन-चार रात्रींनाही तयार होतात.

घर बाजाराच्या वाराशी जुळवून घेतलंत तर उत्तम: गेर्निकाचा बाजार सोमवारी, ओर्दिसियाचा बुधवारी, तोलोसाचा शनिवारी. आणि घराचा ताबा शनिवारी दुपारी मिळणार असेल तर दूध, तांदूळ, भाजी वाटेतच भरून घ्या. स्पॅनिश बास्क भागात रविवारी सुपरमार्केटं बहुतेक बंद असतात, आणि डोंगरातल्या बासेरीजवळ कोपऱ्यावरचा किराणावाला नसतो.