किंग्ज हेल्थ प्रश्नावली पोर्तुगीजमध्ये आणायची तर

लघवीवर ताबा न राहण्याचा बाईच्या रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे मोजणारी किंग्ज हेल्थ प्रश्नावली १९९७ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. ब्राझीलसाठी तपासलेली पोर्तुगीज आवृत्ती २००३ मध्ये छापून आली. पण ती लिस्बनच्या बायकांना जशीच्या तशी देऊ नका.

म्हणून आधी देश ठरवा. शौचालय ब्राझीलमध्ये ‘बान्येरू’, पोर्तुगालमध्ये ‘काझा द बान्यू’. पॅडचा शब्द वेगळा, आतल्या कपड्यांचा वेगळा. ब्राझीलमध्ये सर्रास चालणारं ‘व्होसे’ (तू/तुम्ही) पोर्तुगालमधल्या वयस्कर बाईला उद्धट वाटू शकतं. तिथे ‘आ सेन्योरा’ वापरा. इतके खासगी प्रश्न विचारताना संबोधनच खटकलं, तर पुढची उत्तरं मोकळेपणाने येत नाहीत.

हक्कधारकांची लेखी परवानगी घेऊन दोन अनुवादक नेमा. दोघांची मातृभाषा पोर्तुगीज हवी; एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला मुळीच नसावा. दोन्ही मसुद्यांचा एक करा. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून त्याचं इंग्रजीत उलट भाषांतर करून घ्या. मात्र त्यावर विसंबू नका: शब्दाला शब्द ठेवून केलेलं बोजड भाषांतर इंग्रजीत अगदी चोख परत येतं. खरा निवाडा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, नर्स आणि भाषातज्ज्ञांनी सगळे मसुदे समोर ठेवून करायचा.

त्यानंतर ३० ते ४० रुग्ण महिलांवर चाचणी घ्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका. संकोचाने मान डोलावली जाते. ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणा. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा आणि नंतरच्या पुनर्चाचणीतही तीच पद्धत ठेवा. नवरा किंवा मुलगी खोलीत नको, नाहीतर लैंगिक संबंधांविषयीच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळणार नाही.

गुण काढताना सगळ्यात जास्त घोळ ‘लागू नाही’ या पर्यायाचा होतो. त्याला ० देतात, बाकीच्या उत्तरांना १ ते ४. सामाजिक मर्यादांच्या भागात तीन उत्तरं असतात: बेरजेतून ३ वजा करा, ९ ने भागा, १०० ने गुणा. पण कौटुंबिक आयुष्याचं उत्तर ‘लागू नाही’ असेल, तर २ वजा करून ६ ने भागायचं. एकट्या राहणाऱ्या बाईची उत्तरं ३, ३ आणि ० असतील, तर तिचे गुण ६७. सूत्र चुकलं की तेच ३३ होतात आणि तिचा त्रास निम्मा दिसतो. वैयक्तिक संबंधांची दोन्ही उत्तरं ० असतील, तर तो भाग कोरा सोडा. तिथे ० गुण लिहिले, तर ‘काहीच त्रास नाही’ असा अर्थ होतो.

क्रॉनबाख अल्फा, म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, प्रत्येक भागाचा वेगळा काढा, ०.७० च्या वर हवा. एकाच प्रश्नाच्या भागांना तो निघत नाही, आणि दोन प्रश्नांच्या भागांत थोडा कमी आला तर लगेच शब्द बदलू नका. पुनर्चाचणी, म्हणजे त्याच बायकांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणं, एक-दोन आठवड्यांनी करा. मधे औषध किंवा व्यायाम सुरू झाला असेल, लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल, तर त्या बाईला या हिशेबातून वगळा.

एसएफ-३६ या सर्वसाधारण तब्येत मोजणाऱ्या प्रश्नावलीशी ताडताना सहसंबंध ऋण आला की घाबरू नका. तिथे जास्त गुण म्हणजे चांगली तब्येत, इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. धन आला, तर मात्र आधी गुणांची दिशा तपासा.