पेशींवर प्रयोग करताना या चुका टाळा

प्रयोगाचा निकाल दोनदा सारखा आला नाही की नवखे संशोधक आधी अँटिबॉडीवर संशय घेतात, मग किटवर, मग यंत्रावर. फ्लास्कमधल्या पेशींची चौकशी सगळ्यांत शेवटी होते. संवर्धित पेशींवर अनेक वर्षे काम करताना आणि इतरांचे बिघडलेले प्रयोग तपासताना माझा अनुभव नेमका उलट आहे. बहुतेक वेळा रसायने निर्दोष असतात आणि पेशी मात्र आपण गृहीत धरलेल्या अवस्थेत नसतात. माध्यमातील, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातील, ग्लुकोज, अमिनो आम्ले, आम्लता, तापमान आणि शेजारच्या पेशींचा स्पर्श या प्रत्येक गोष्टीची पेशी सतत दखल घेते आणि त्यानुसार स्वतःची वाढ, पदार्थांचे वहन आणि प्रथिननिर्मिती कमी-जास्त करते. ही दखल ती आपल्या परवानगीने घेत नाही, एवढे एक ध्यानात ठेवले तरी खालच्यापैकी निम्म्या चुका होणार नाहीत.

गच्च भरलेल्या फ्लास्कमधून प्रयोग सुरू करणे

दोन दिवस सुट्टी आली, फ्लास्क काठोकाठ भरला, आणि सोमवारी त्यातूनच पेशी घेऊन प्रयोग सुरू झाला, असे मी असंख्य वेळा पाहिले आहे. एकमेकींना चिकटलेल्या पेशी विरळ वाढणाऱ्या पेशींसारख्या वागत नाहीत. सामान्य उपकला पेशींमध्ये गर्दी झाली की वाढीला चालना देणारे वायएपी हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पेशीद्रवात जाते आणि विभाजन थांबते. कर्करोगाच्या पेशी गर्दीतही एकमेकींवर चढत राहतात, पण त्यांच्या माध्यमातील ग्लुकोज संपते, लॅक्टेट साठते आणि माध्यमातील फिनॉल रेड हे आम्लता दाखवणारे रंगद्रव्य पिवळे पडते. अशा पेशींना औषध देऊन ‘वाढ थांबली’ असा निष्कर्ष काढला, तर ती औषधाने थांबली की आधीच थांबलेली होती हे सांगता येत नाही. मी फ्लास्क सत्तर ते ऐंशी टक्के भरला की पेशी वेगळ्या करते, प्रत्येक वेळी ट्रायपॅन ब्लू हा मेलेल्या पेशी रंगवणारा रंग घालून मोजते आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी मोजूनच पेरते. ‘अंदाजे एकास तीन’, म्हणजे एका फ्लास्कमधल्या पेशी न मोजता तीन फ्लास्कमध्ये वाटणे, ही पद्धत रोजची सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) चालू ठेवण्यापुरती ठीक आहे. ज्या आकड्यावर निष्कर्ष उभा राहणार आहे, त्यासाठी ती मला मान्य नाही.

याच विषयातली दुसरी चूक म्हणजे एमटीटी चाचणीचा जांभळा रंग वाढला की पेशींची संख्या वाढली असे लिहिणे. ही चाचणी पेशी मोजत नाही. पेशींतील विकरे एमटीटी या रंगद्रव्याचे किती क्षपण करतात, तेवढेच ती मोजते. पेशीचे आकारमान वाढणे, तिची चयापचयाची गती वाढणे आणि तिचे विभाजन होणे या तीन वेगळ्या घटना आहेत. रॅपामायसिन हे वाढ रोखणारे औषध दिल्यावर पेशी आकारानेच लहान होतात, तेव्हा रंग कमी होण्यामागे संख्येखेरीज दुसरे कारणही असू शकते. एकदा तरी प्रत्यक्ष पेशी मोजून आकडा पडताळावा.

मायकोप्लाझ्मा आपल्याकडे नाही, असे मानणे

मायकोप्लाझ्मा म्हणजे संवर्धित पेशींत शिरणारा अतिसूक्ष्म जीवाणू. ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे आणि तिच्यामुळे आमचे सात महिने गेले, म्हणून ती सविस्तर सांगते.

आमच्या गटात तेव्हा अमिनो आम्लांची उपलब्धता पेशीला कशी कळते यावर काम चालू होते. अमिनो आम्ले पुरेशी असली की एमटॉर हे प्रथिन सक्रिय होते आणि पेशी प्रथिननिर्मिती व वाढ यांना हिरवा कंदील देते; ती कमी पडली की हाच मार्ग मंदावतो आणि पेशी स्वतःचेच घटक मोडून वापरू लागते. आमच्या एका सेल लाइनमध्ये एमटॉरची सक्रियता पुन्हा पुन्हा कमी दिसत होती. जुन्या पॅसेजमध्ये (पेशी एकदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या की एक पॅसेज) ती अधिक कमी, नव्याने वितळवलेल्या नळीत सुरुवातीला बरी आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कमी. त्यावरून आम्ही असे मानले की पॅसेज वाढत जातात तशी पेशींची अमिनो आम्लांबाबतची संवेदनक्षमता घटते. एका सहकाऱ्याने माध्यमात जादा आर्जिनीन घालून पाहिले आणि अर्ध्या तासात संकेत परत आला. तिथे थांबून शंका घ्यायला हवी होती. आम्ही मात्र त्याला पुरावा मानले आणि आर्जिनीन आत नेणारा पटलावरील वाहक निकामी होत असावा, असा पुढचा मजला त्या घरावर चढवला. वाहकाच्या जनुकाचा क्रम तपासला, त्याचे प्रमाण मोजले, ते पटलावर पोहोचते की नाही हे पाहिले. सगळे ठीक होते.

शेवटी वापरून झालेल्या माध्यमातील अमिनो आम्लांचे विश्लेषण केले. आर्जिनीन जवळपास संपलेले होते आणि ऑर्निथिन साठलेले होते. पेशी आर्जिनीन आत घेऊ शकत नव्हत्या असे मुळीच नव्हते. बाहेर घेण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याच संध्याकाळी होएक्स्ट हे डीएनएला चिकटणारे रंगद्रव्य घालून पाहिले, तेव्हा केंद्रकांच्या बाहेर, पेशीच्या सर्व पृष्ठभागावर, बारीक निळे ठिपके चमकत होते. मायकोप्लाझ्माच्या काही जाती आर्जिनीनचे विघटन करून ऊर्जा मिळवतात आणि त्यात अमोनिया बाहेर पडतो आणि माध्यमाची आम्लता कमी होते. आमचे माध्यम नेहमीपेक्षा उशिरा पिवळे पडत असे, त्याचे कारणही तेच होते. हे निरीक्षण वहीत तीनदा नोंदवलेले होते आणि पेशी निरोगी असल्याचे लक्षण म्हणून नोंदवलेले होते.

हा संसर्ग इतका सहज निसटतो याची कारणे साधी आहेत. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे भित्तिकेवर हल्ला करणारे पेनिसिलिन त्याचे काही बिघडवत नाही. तो इतका लहान व लवचीक असतो की ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही निसटू शकतो. एका मिलिलिटरमध्ये त्याची संख्या कोटीच्या घरात गेली तरी माध्यम गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशीसंवर्धनातील या संसर्गाची पहिली नोंद १९५६ मधील आहे, म्हणजे याबाबत कोणालाही अनभिज्ञ राहण्याचे कारण नाही.

तेव्हापासूनची माझी रीत अशी आहे. बाहेरून आलेली कोणतीही सेल लाइन, मग ती कितीही विश्वासू सहकाऱ्याकडून आलेली असो, वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये राहते आणि दिवसाचे बाकी सगळे काम झाल्यावरच उघडली जाते. दोन आठवडे ती प्रतिजैविकांशिवाय वाढवायची, मग पीसीआर आणि होएक्स्ट अशा दोन्ही चाचण्या करायच्या. चालू सेल लाइनची चाचणी दरमहा. माध्यमाची एक बाटली एकाच सेल लाइनसाठी. संसर्ग आढळला तर मी फ्लास्क निर्जंतुक करून टाकून देते. औषधाने तो घालवण्याची खटपट पुन्हा मिळूच शकणार नाही अशा पेशींपुरती राखून ठेवावी. माध्यमात कायमस्वरूपी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालून निर्धास्त राहण्याच्या सवयीला माझा ठाम विरोध आहे, कारण तिने हाताळणीतला ढिसाळपणा झाकला जातो आणि मायकोप्लाझ्मा तर जागचा हलतही नाही.

याला जोडूनच सांगते, पेशी नावाप्रमाणेच आहेत ना हेही तपासा. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदापासून तयार झालेल्या हेला पेशी इतक्या जोमदार आहेत की त्यांनी इतर फ्लास्कमध्ये शिरून मूळच्या पेशींची जागा घेतल्याची असंख्य उदाहरणे आहेत. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ सेल लाइनमध्ये हेलाचीच जनुकीय खूण दाखवली होती. पेशींची जनुकीय ओळख पटवणारी एसटीआर चाचणी वर्षातून एकदा करावी.

पेशीला चिकटले म्हणजे पेशीत गेले, असे समजणे

वहनाच्या प्रयोगांमध्ये सर्वाधिक दिसणारा दोष हाच आहे. चमकणारे प्रथिन किंवा पेप्टाइड पेशींवर घालायचे, तासाभराने दोनदा धुवायचे, पेशी स्थिर करायच्या आणि हिरवी चमक दिसली की ‘पेशीने ग्रहण केले’ असे लिहायचे. पेशीपटलाची बाहेरची बाजू ऋणभारित शर्करांनी झाकलेली असते आणि धनभारित रेणू तिला इतके घट्ट बिलगतात की साध्या धुण्याने ते सुटत नाहीत. पुढे फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करताना पटल सच्छिद्र होते आणि बाहेर चिकटलेले रेणू त्या वेळी आत शिरून थेट केंद्रकात जाऊन बसतात. पटल भेदून जाणाऱ्या पेप्टाइडांबाबत असेच घडले होते. ती ऊर्जेशिवाय, चार अंश तापमानालाही आत शिरतात असे अनेक वर्षे मानले गेले, आणि २००३ च्या सुमारास जिवंत पेशींवर फेरतपासणी झाली तेव्हा त्यातला मोठा भाग स्थिरीकरणाने निर्माण झालेला आभास असल्याचे स्पष्ट झाले.

म्हणून मी जिवंत पेशींचेच चित्र घेते आणि ते घेण्याआधी पृष्ठभागावरचे रेणू आम्लधर्मी द्रावणाने किंवा ट्रिप्सिनने काढून टाकते. एक ताट बर्फावर चार अंशांना ठेवते, कारण त्या तापमानाला रेणू पटलाला बांधले जातात पण एंडोसायटोसिस, म्हणजे पटलाने त्यांना वेढून आत घेणे, थांबते. दोन ताटांतला फरक हाच खरा आत गेलेला अंश. इथेही सावध राहावे लागते. थंडीने केवळ ऊर्जेवर चालणारे पंपच मंदावत नाहीत, तर ग्लुकोजला उतारावरून आत सोडणारे वाहकही मंदावतात, त्यामुळे ‘चार अंशांना थांबले, म्हणून ते सक्रिय वहन’ हा युक्तिवाद चालत नाही. सक्रिय वहन सिद्ध करायचे तर संहतीच्या विरुद्ध दिशेने साठा होतो हे दाखवावे लागते आणि त्यामागचा ऊर्जास्रोत बंद केल्यावर तो साठा होत नाही हेही दाखवावे लागते. सोडियम-पोटॅशियम पंपाचे उदाहरण घ्या. एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, हे प्रमाण आयनांची प्रत्यक्ष मोजणी करून ठरले. थंडीत पंप थांबतो एवढ्यावर नव्हे.

घाईची आणखी एक खूण म्हणजे एकाच वेळेचे मोजमाप. साठ मिनिटांनी मोजलेला आकडा वाहकाची गती सांगत नाही, कारण तोपर्यंत रेणू आत जाणे, आतून बाहेर पडणे आणि आत गेल्यावर बदलले जाणे या तिन्ही क्रिया मिसळलेल्या असतात. डीऑक्सिग्लुकोज हा ग्लुकोजसारखा रेणू आत गेल्यावर हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट जोडते आणि तो अडकून पडतो, म्हणून उशिरा घेतलेला आकडा कधी वाहकाचा असतो तर कधी विकराचा. पहिल्या काही मिनिटांतल्या चार-पाच नोंदी घ्याव्यात आणि रेषा सरळ आहे तोवरचाच उतार वापरावा. आणि हे ग्लुकोजरहित द्रावणात करावे. नेहमीच्या अधिक-ग्लुकोज माध्यमात ते २५ मिलिमोलार असते आणि तुमचा डीऑक्सिग्लुकोज त्या गर्दीत वाहकापर्यंत पोहोचणेच अवघड असते.

नियंत्रण ताटाला हात न लावणे

औषध नव्या माध्यमात मिसळून दिले जाते आणि नियंत्रणाचे ताट इन्क्युबेटरमध्ये जसेच्या तसे ठेवले जाते. ताजे माध्यम आणि त्यातले सीरम मिळताच ईआरके आणि एमटॉर हे वाढीचे संकेत देणारे मार्ग काही मिनिटांत जागे होतात, त्यामुळे दिसलेला बदल औषधाचा नसून माध्यम बदलल्याचा असू शकतो. नियंत्रणाच्या पेशींनाही तेच माध्यम, तोच विद्रावक, त्याच मिनिटाला मिळाला पाहिजे. या मार्गांतल्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणे-काढणे सेकंदांत घडते, म्हणून मी सहा ताटे एकदम बाहेर काढत नाही. एकेक काढते, बर्फावर ठेवते आणि फॉस्फटेज हे फॉस्फेट काढणारे विकर रोखणाऱ्या रसायनांसह लगेच पेशी फोडते. सीरम काढून पेशी ‘शांत’ करण्याच्या पद्धतीबाबतही तेच. उपासमारीत स्वभक्षण सुरू होते आणि पटलावरील ग्राहींची संख्या बदलते, तेव्हा किती तास सीरम काढले होते हे प्रत्येक निकालासोबत लिहिले गेलेच पाहिजे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. ट्रिप्सिनने पृष्ठभागावरचे ग्राही आणि वाहक कापले जातात, म्हणून पेशी उचलल्याच्या दिवशी त्यांच्यावर वहनाचा प्रयोग करू नका, रात्रभर जाऊ द्या. सीरम नीट धुतले नाही तर ट्रिप्सिन कामच करत नाही. अशा वेळी वेळ वाढवण्यापेक्षा आणखी एकदा धुवा. पेशी गोठवताना तापमान मिनिटाला साधारण एक अंश याप्रमाणे उतरवावे, आणि वितळवताना मात्र जराही रेंगाळू नये. ९६ खोलग्यांच्या ताटाच्या कडेच्या खोलग्यांतून पाणी उडते, क्षारांची संहती वाढते आणि पेशी आकसतात. त्या खोलग्यांत मी नुसते निर्जंतुक द्रावण भरते. बायकार्बोनेटचे माध्यम पाच टक्के कार्बन डायऑक्साइडबाहेर फार वेळ राहिले की अल्कधर्मी होऊन किरमिजी दिसते, त्या अवस्थेत मोजलेला कोणताही वहनाचा आकडा फेकून द्यावा.

आणि फ्लास्कवर फक्त नाव व तारीख लिहिणे बंद करा. पॅसेजचा क्रमांक, पेरलेली संख्या, शेवटचे माध्यम कोणत्या वेळी बदलले आणि सीरमचा बॅच क्रमांक, ही चार टिपणे वहीत असली तर सात महिन्यांनी मागे जाऊन पाहता येते.